घरची केरसुणी विकत नाहीत

"बाई, चहाचं बघता का जरा? तुमी घरच्याच हायसा."

आबासाहेब असं म्हणाले तेव्हा मी त्यांच्या शाळेत नव्हते. साताऱ्यात होते. रविवार होता. मी तिसऱ्या बाकावर वही उघडून बसले होते, फी भरून, इतर सगळ्यांसारखी. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, सहभागी नेतृत्व.

शैक्षणिक नेतृत्व आणि शालेय व्यवस्थापन. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, नोकरी सांभाळून करायचा. शनिवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर तास. वर्गात सगळे शिक्षकच. कुणी मुख्याध्यापक झालेले, कुणी व्हायची वाट बघणारे. त्या दिवशी पाहुणे म्हणून आबासाहेब बोलायला आले होते. औंधजवळच्या ज्या शाळेत मी एकोणीस वर्षं मराठी शिकवते, ती शाळा त्यांच्या संस्थेची. ते संस्थेचे अध्यक्ष. आमच्या संस्थेत शिपायापासून अध्यक्षापर्यंत सगळे एका कुटुंबासारखे राहतात, असं ते सांगत होते. तेवढ्यात चहाची किटली आली. आणणारा ती टेबलावर ठेवून निघून गेला.

आबासाहेबांची नजर वर्गावरून फिरली. पहिल्या बाकावर त्यांची सून बसली होती. शर्वरी मॅडम. आमच्याच शाळेत, माझ्यानंतर बारा वर्षांनी लागलेली. नजर तिच्यावरून पुढे सरकली आणि माझ्यावर थांबली.

मी उठले.

ते मला अजून टोचतं. ते बोलले ते नाही. मी उठले ते. मी भांडखोर म्हणून तालुक्यात माहीत आहे. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी, वजनावरून भाजीवाल्याशी, इतिवृत्तावरून सोसायटीच्या सचिवाशी. जीभ कधी मागे राहिली नाही. आणि त्या दिवशी डोक्याला कळायच्या आत पाय उठले. हात किटलीकडे गेले. नेतृत्वाच्या वर्गात मी बाकाबाकावर कप ठेवत फिरले.

मागच्या बाकावर एक फौजी सर होते. लष्करातून निवृत्त होऊन शिक्षक झालेले, आमच्याच जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडचे. त्यांनी कप घेतला नाही. उठून माझ्या हातातली किटलीच घेतली.

"तुमी बसा, बाई. फौजेच्या लंगरात लय वाढलंय म्या. मला सवय हाय."

वर्ग हसला. आबासाहेबही हसले. मी जागेवर येऊन बसले आणि फळ्यावरचं वहीत उतरवून घेतलं. अक्षर वाकडं आलं.

आम्ही मातंग. गावाच्या तोंडी मांग. आई शिंदीच्या पाल्याच्या केरसुण्या बांधायची आणि बाजारात विकायला बसायची. दिवाळीच्या तोंडावर गर्दी. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लागते, तिला हळदकुंकू लावतात. तीच केरसुणी आईनं हातात द्यायला धरली की बायका म्हणायच्या, "खाली ठेव." आई खाली ठेवायची. मग त्या उचलायच्या. मी शेजारी पोत्यावर बसून हे बघत होते. केरसुणी लक्ष्मी, आणि ती बांधणारे हात विटाळाचे.

पण भाव करायचं मी तिथंच शिकले. आई म्हणायची, गिऱ्हाईक माल चाचपतंय तवर आकडा सांगू नगं. त्यानं पाठ फिरवली तर हाक मारू नगं. आपल्याला पाठ फिरवता आली पायजे. मी आयुष्यभर तेवढ्यावर चालले. वसतिगृहातली जागा भांडून घेतली. डी.एड., बी.एड. भांडत केलं. नोकरी लागली ती मात्र भांडून नाही. संस्थेला राखीव जागा भरायची होती. ती भरल्याशिवाय बाकीच्या मान्यता अडल्या होत्या. आरक्षणाच्या बिंदूनामावलीतला एक बिंदू रिकामा होता, त्यावर मी बसले. पहिल्या दिवशी क्लार्क दुसऱ्याला सांगत होता, "आपला बिंदू आला." मी ऐकलं. विसरले नाही.

दोन वर्षांपूर्वी सेवाज्येष्ठता यादीत माझं नाव पहिल्या क्रमांकावर आलं. दरवर्षी ती यादी फिरते, प्रत्येकजण आपल्या नावापुढे सही करतो. मुख्याध्यापकांची निवृत्ती जवळ आली होती. नियमानं त्यांच्यानंतर मी. त्याच दिवसांत स्टाफरूममध्ये हळूच एक वाक्य फिरू लागलं. "बाई चांगल्या आहेत, पण कारभार जमेल का त्यांना?"

म्हणून हा अभ्यासक्रम. मुख्याध्यापक व्हायला तो लागत नाही. बी.एड. आणि अनुभव पुरतो. पण मला कुणाला तोंड उघडायला जागा ठेवायची नव्हती. कागद पाहिजे होता. आम्हाला कायम एक कागद जास्त लागतो.

त्यासाठी संस्थेची परवानगी घ्यायची होती. मी आबासाहेबांच्या बंगल्यावर गेले. ते व्हरांड्यात झोपाळ्यावर बसले होते. मी उभी होते.

"शिका की. कोण आडवतंय? आमची सूनबाई बी तेच करतीया. तिचं पोरगं ल्हान हाय. तिचं लिखापढीचं तेवढं तुमी बघा."

मला राग आला. पण रागाबरोबर डोकंही चाललं. स्वाध्याय मी माझे लिहिणारच होते, दुसऱ्यांदा लिहायला काय जातं? मी भाव केला. परवानगीचं पत्र आजच्या आज, सही-शिक्क्यासह. आणि उन्हाळ्यात पट वाढवायला दारोदार मुलं मागत फिरायचं काम मला नको. आबासाहेबांनी दोन्ही मान्य केलं. मी पत्र पर्समध्ये टाकून निघाले तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला फसवलं. दीड वर्ष मला तसंच वाटत होतं.

शर्वरी मॅडम वाईट नाही. सांगलीची मुलगी, गोड बोलणारी. मी लिहिलेलं ती स्वतःच्या अक्षरात उतरवून काढायची, मला घरचा चिवडा आणून द्यायची. शाळेत सगळे तिला मॅडम म्हणतात, मला बाई. तीही मला बाईच म्हणते.

शेवटी प्रकल्प आला. प्रत्येकानं शाळेतला एक प्रश्न घ्यायचा, त्याचा अभ्यास करायचा, उपाय सुचवायचा. मला दोन प्रकल्प लिहायचे होते. स्वतःसाठी मी शाळेच्या दप्तरी कामकाजाचा विषय घेतला. सुरक्षित, नीटनेटका. तिला दिला तो विषय होता, पालकसभेला न येणारे पालक. त्याचं सगळं साहित्य माझ्या घरी होतं. आमच्या वस्तीतल्या बायकांशी मी बोलले. कधी सभेची सूचनाच पोचत नाही, कधी मजुरी बुडते, आणि गेलं तरी त्यांना मागच्या भिंतीला उभं राहावं लागतं. हे सगळं लिहिलं. त्यात आईचं एक वाक्य टाकलं. मी शाळेत शिकत असताना ती सभेला यायची बंद झाली, तेव्हाचं.

"सभेत पोरगी कशी शिकती ते कोण सांगत न्हाई, आमचं काय चुकलं तेवढं सांगत्यात. मग कोर्टात गेल्यागत जायाचं कशाला?"

तो प्रकल्प चांगला होता. माझ्या दप्तराच्या प्रकल्पापेक्षा कितीतरी चांगला. मग मी तो तिला का दिला? वेळ वाचवायला, असं मी स्वतःला सांगत होते. खरं वेगळं होतं. माझ्या नावावर मला माझी वस्ती नको होती. परीक्षकानं नाव वाचावं, प्रकल्प वाचावा आणि 'अच्छा, म्हणजे तुम्ही तिकडच्याच' म्हणावं, ते मला नको होतं. दप्तराला जात नसते, म्हणून मी दप्तर घेतलं.

तोंडी परीक्षा सांगलीत होती. चौघाचौघांना एकदम आत बोलवत होते. माझ्या शेजारी शर्वरी मॅडम. समोर बाहेरून आलेल्या परीक्षक, निवृत्त प्राचार्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी माझा प्रकल्प चाळला, दोन प्रश्न विचारले, "ठीक" म्हणाल्या. मग तिचा उघडला. पान उलटता उलटता थांबल्या. आईचं वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं. दोनदा.

"हे एक वाक्य अख्ख्या प्रकल्पाला पुरेसं आहे. कोण म्हणालं हे?"

शर्वरी मॅडम क्षणभर अडखळली. मग हसून म्हणाली, "आमच्याकडच्या एक कामवाल्या बाई आहेत, मॅडम."

परीक्षक मान हलवून म्हणाल्या, "बघा. अशिक्षित माणसंसुद्धा किती खोल बोलून जातात."

मी शेजारीच होते. पेन हातात होतं. बोलले असते तर प्रकल्प कुणी लिहिला ते निघालं असतं. माझ्या तोंडाला कुलूप घालणारी किल्ली मीच बनवून दिली होती.

जिन्यात तिनं माझा हात धरला. "बाई, छान झालं ना? तुमच्यामुळेच हं."

मी म्हटलं, "ती माझी आई आहे."

"अय्या. सॉरी, बाई. मला काय माहीत?" ती खरंच गोंधळली. मग हळू आवाजात म्हणाली, "पण मग मी काय सांगायला हवं होतं?"

आईचं वाक्य मीच तिला विकलं होतं, आता ती घेतलेला माल कसा वापरते यावरून काय भांडायचं? विट्याच्या एसटीत मला खिडकीजवळ जागा मिळाली. बसवेना. तासगावच्या पुढं मी उठले आणि दांडा धरून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "बाई, जागा हाय की." मी म्हटलं, "असू दे." विट्यात उतरले, औंधच्या गाडीत चढले. तिथंही उभीच.

घरी आई अंगणात पाय पसरून बसली होती. आता डोळे अधू झालेत, तरी सवयीनं पाला निवडत असते. मी तिला सगळं सांगितलं. माझं लिहिणं, दुसरीच्या नावावर जाणं, ते वाक्य. वाटलं, ती हसेल आणि सोडून देईल.

"काय म्हनली ती मला?"

"कामवाली."

आईनं हातातला पाला खाली ठेवला. "मी कवा कुनाच्या घरात राबली न्हाई. उन्हात बसली, पावसात बसली. माल माझा, भाव माझा. खाली ठेव म्हनली तर खाली ठिवला, पर माझाच माल ठिवला." तिनं तोंड माझ्याकडे वळवलं. "मी माल इकला. तू गं? तू काय इकलंस?"

मी तिथून उठले. वस्तीच्या टोकापर्यंत गेले, परत आले, परत गेले. परत आले तेव्हा ती दाराआडच्या केरसुणीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही बघ. बाजारात समदा माल संपला, गिऱ्हाईक दारात आलं, वाटंल त्यो भाव देतो म्हनलं, तरी घरची केरसुनी कवा दिली न्हाई. ती इकायची नसती. भावच सांगायचा नसतो तिचा."

पंधरा दिवसांनी मला संस्थेच्या कार्यालयात बोलावलं. आबासाहेबांनी टेबलावरून एक कागद पुढे सरकवला. स्टॅम्पपेपर, टाईप केलेला, माझ्या नावासकट. नकारपत्र. आमच्या भागात ही पद्धत जुनी आहे. सगळ्यात ज्येष्ठ माणूस नको असला की त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं, मला हे पद नको. मग पुढच्याला बसवता येतं. कागदावर लिहिलं होतं, प्रकृती अस्वास्थ्य व कौटुंबिक अडचणींमुळे, कोणत्याही दबावाशिवाय, मी मुख्याध्यापकपद स्वीकारू इच्छित नाही.

"कुणाची प्रकृती बिघडलीय?" मी विचारलं.

"आवं, कागदाची." आबासाहेब हसले. "लिवायची रीत असती ती. बसा की."

मी उभीच राहिले.

"सूनबाईला करायचं ठरलंय. मधल्या समद्यांनी लिवून दिलंय. प्रकल्प लय नावाजला तिचा सांगलीत. तुमी पर्यवेक्षक व्हा. पुढच्या येळी तुमीच."

"पुढची वेळ म्हणजे?"

"सूनबाई रिटायर झाल्यावं."

ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे. ती निवृत्त होईल तेव्हा मला घरी बसून बारा वर्षं झालेली असतील. मी ते बोलून दाखवलं. ते पुन्हा हसले. आणि मला माझीच लाज वाटेल असं मी केलं. मी भाव करायला लागले.

पर्यवेक्षकपद लेखी द्या, म्हटलं. ते म्हणाले, देतो. माझी बदली करणार नाही हे लेखी द्या. देतो. वेळापत्रक मी लावणार. लावा. प्रत्येक 'देतो'बरोबर माझ्या अंगात ऊब चढत होती. भाव वाढत होता. मी जिंकत होते. आबासाहेबांनी स्वतःचं पेन उघडून माझ्यापुढे धरलं.

त्या पेनाकडे बघताना मला कळलं. मी भाव सांगत होते, म्हणजे माल मांडून बसले होते. गिऱ्हाईक चाचपत होतं आणि माल मीच होते. व्हरांड्यात हेच झालं होतं. तेव्हाही मला वाटलं होतं, जिंकले.

"हे विकायचं नाही," मी म्हटलं.

"काय?"

"तुम्ही मागताय ते. मी ते बाजारात आणलेलंच नाही."

पेन त्यांनी टोपण लावून खिशात ठेवलं. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नाहीत, त्यांना लागत नाही. "खंडाळ्याला आपली शाखा हाय. तिथं मराठीला मानूस न्हाई. इचार करा." मग थोडं पुढे वाकून, "आन त्यो प्रकल्प कुनी लिवला ते भाईर आलं तर दोघींची डिग्री जाईल. तिचं काय आडनार न्हाई. तुमची मातर दोन वरसं पान्यात जातील."

बाहेर येऊन मी फौजी सरांना फोन लावला. सगळ्या वर्गात तोच एक माणूस मला आठवला. बदलीचं सांगून मी विचारलं, "खंडाळा कसं आहे?"

"लय चांगलं हाय, बाई. वारं हाय, हायवे हाय, पुणं जवळ. आलात तर जेवायला आमच्यात." मग म्हणाले, "पर तुमी येऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी दोन अर्ज लिहिले. माझ्या हातानं, माझ्या अक्षरात.

पहिला संस्थेला. सेवाज्येष्ठता यादीत मी पहिल्या क्रमांकावर आहे, मुख्याध्यापकपद स्वीकारण्यास मी तयार आहे, माझी प्रकृती उत्तम आहे. क्लार्कनं तो घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवायला लागला. बिंदू आला म्हणणारा हाच. मी म्हटलं, आवक नोंदवहीत नोंदवा, क्रमांक टाका, पोच द्या. तो म्हणाला, "साहेबांना इचारतो, उद्या या." मी म्हटलं, मी उभी आहे. तास संपला, दुसरा सुरू झाला, मधली सुट्टी झाली. मी उभी होते. शेवटी त्यानं शिक्का मारला, इतक्या जोरात की टेबलावरची टाचण्यांची डबी उडाली. त्याच अर्जाची प्रत मी साताऱ्याला शिक्षणाधिकारी कार्यालयात दिली. तिथंही पोच.

दुसरा अर्ज अभ्यासकेंद्राला. त्यात लिहिलं, शर्वरी मॅडमच्या नावावरचा प्रकल्प मी लिहिला आहे. तिचे स्वाध्यायही मीच लिहिले. चूक माझीही आहे, त्याची शिक्षा मला मान्य आहे. त्यात उद्धृत केलेलं वाक्य माझ्या आईचं आहे. ती केरसुण्या बांधून विकत असे. ती कुणाच्या घरची कामवाली नव्हती. तशी नोंद करावी.

केंद्रावरच्या बाईंनी अर्ज वाचला आणि माझ्याकडे बघितलं. "आवं, तुमचंच नुकसान हाय ह्यात. निकाल लागायचाय अजून. कशाला सोताच्या पायावर धोंडा?"

"पोच द्या," मी म्हटलं.

मेच्या शेवटी मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ झाला. स्टाफरूममध्ये सगळे गोल बसले होते. आबासाहेब मधल्या खुर्चीवर, शर्वरी मॅडम त्यांच्या बाजूला. ती माझ्याकडे बघत नव्हती. भाषणं झाली. शिपायानं किटली आणून टेबलावर ठेवली आणि हार आणायला गेला. एकेक मान माझ्याकडे वळली. कुणी मुद्दाम नाही. एकोणीस वर्षांची सवय.

माझे पाय हलले. मला ते जाणवलं. मी टाचा जमिनीत रोवल्या आणि बसून राहिले.

कुणी उठलं नाही. चहावर साय धरली.

चौकशी लागली आहे. डिग्री बहुतेक जाईल. खंडाळ्याचा आदेश अजून आलेला नाही, पण येईल. आला तर मी आधी त्याला आव्हान देणार, मग तिकडे रुजू होणार, आणि तिथंही यादीत माझा क्रमांक पहिलाच राहणार. ते नकारपत्र आबासाहेबांच्या टेबलाच्या खणात आहे. माझ्या नावाचं, माझ्या सहीची जागा रिकामी. त्या सहीशिवाय शर्वरी मॅडमला मुख्याध्यापक करता येत नाही. त्यांनी ते जपून ठेवावं. ती जागा मी निवृत्त होईपर्यंत रिकामीच राहणार आहे.